आमचे पेन्शनर

महाराष्ट्रांतील मध्यम स्थितीच्या घरांची एक जुनी रीत अशी आहे कीं, तेथें कोणतीहि वस्तु एका जन्मांत संपत नाहीं. आजीचें लुगडें विरलें म्हणजे त्याची गोधडी होते. गोधडी फाटली म्हणजे तिचे तुकडे पायपुसण्याच्या कामीं येतात. आणि पायपुसणेंहि जेव्हां चिंध्यांच्या अवस्थेस पोहोंचतें, तेव्हां शेवटीं त्याचें पोतेरें होतें. तेलाचा रिकामा डबा मधोमध कापला म्हणजे त्यांत तुळस नाहीं तर मिरचीचें रोप वाढूं लागतें. मुलांच्या वह्यांतील कोरे राहिलेले कागद शिवून दुधाच्या हिशेबाची वही तयार होते. ज्या कपड्यांस घरांत कांहींच काम उरत नाहीं, ते बोहारणीच्या गांठोड्यांत जातात आणि त्यांच्या बदल्यांत एखादें पातेलें घरांत येतें. या रीतीस कोणी काटकसर म्हणतात, कोणी चिकटपणा म्हणतात. आम्हांस मात्र तिच्यांत एक प्रकारचा न्याय दिसतो. ज्या वस्तूनें सेवा केली, तिला झेपेल तेवढें काम देऊन तिला घरांत ठेवावें, आणि जें तिला झेपत नाहीं, तें तिच्याकडून मागूं नये, असा तो न्याय आहे.

परंतु अलीकडे एक वस्तु अशी निघाली आहे कीं, तिच्यापुढें आमच्या आया-आज्यांची ही सारी युक्ति कुंठित झाली. ती वस्तु म्हणजे फोन, व त्याचा थोरला भाऊ टॅब्लेट. लुगडें विरलेलें डोळ्यांस दिसतें, डब्याला भोंक पडलेलें दिसतें. फोन मात्र दिसावयास धडधाकट असतांनाच जुना ठरतो. तो टाकवत नाहीं, कारण त्याला दहा-बारा हजार रुपये पडलेले असतात. आणि वापरवत नाहीं, कारण तो आतां कोणाच्या उपयोगाचा नाहीं असें सर्वजण म्हणतात. मग तो कपाटाच्या खणांत जातो, आणि जुन्या चष्म्यांच्या व बंद पडलेल्या घड्याळांच्या संगतींत निजतो. गतवर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरचा हा खण उपसला, तेव्हां त्यांतून चार फोन व एक टॅब्लेट अशा पांच असामी बाहेर आल्या. भंगारवाल्यानें पांचांचे मिळून दीडशें रुपये सांगितले. वडील देण्यास तयार होते. परंतु आम्ही त्यांच्याकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या मुदतींत आमच्या हातून जें झालें व त्यांतून जें उमगलें, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम या मंडळींचें वय पाहूं. या यंत्रांचा वंश फार जुना नाहीं. अमेरिकेंतील ॲपल कंपनीनें आपला पहिला आयफोन २००७ सालीं बाजारांत आणला. अँड्रॉइड या प्रणालीवर चालणारा पहिला फोन २००८ सालीं निघाला. आणि आयपॅड २०१० सालीं. म्हणजे ज्यांस आपण म्हातारे समजतों, त्यांतील बहुतेक आमच्याहून लहान आहेत. आमच्या खणांतील टॅब्लेटची जन्मकथा तर पुष्कळ घरांत सारखीच असेल. २०२० सालच्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि वर्ग चार भिंती सोडून कांचेच्या पडद्यावर भरूं लागले. त्या वेळीं ज्यांची ऐपत होती त्यांनीं, व ज्यांची नव्हती त्यांतील कित्येकांनीं कर्ज काढूनहि, मुलांसाठीं अशीं यंत्रें घेतलीं. शाळा पुन्हां उघडल्या. मुलें दप्तरें घेऊन गेलीं. यंत्रें खणांत राहिलीं.

तीं जुनीं ठरतात म्हणजे काय होतें, हें समजून घेतल्यावांचून त्यांस काम देतां येत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें त्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, यंत्र चालविणाऱ्या प्रणालींत वेळोवेळीं ज्या सुधारणा व सुरक्षिततेच्या दुरुस्त्या कराव्या लागतात, त्या कांहीं वर्षांनंतर कंपन्या जुन्या यंत्रांस पाठविणें बंद करतात. दुसरें असें कीं, नवीं ॲप्स अधिकाधिक जड होत जातात, आणि जुन्या यंत्राच्या स्मरणशक्तींत तीं मावत नाहींत. तिसरें कारण बॅटरीचें. या यंत्रांतील लिथियम-आयन बॅटरी प्रथम १९९१ सालीं जपानांत विक्रीस आली, आणि तिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तींत लिथियमचे भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करीत असतात. परंतु प्रत्येक फेरींत थोडें लिथियम वाटेंतच अडकून पडतें, आणि साधारणपणें पांचशें वेळां पूर्ण भरून रिकामी झाली म्हणजे बॅटरीची धारणाशक्ति बरीच घटते.

या तिन्ही कारणांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. यंत्राचा डोळा म्हणजे कॅमेरा, कान म्हणजे ध्वनिग्राहक, वाचा म्हणजे कर्णा, आणि पडदा, हीं सर्व इंद्रियें बहुधा शाबूतच असतात. गेलेली असते ती धांवण्याची शक्ति. बाजाराची रीत मात्र अशी कीं, धांवतां येत नाहीं त्याला कांहींच येत नाहीं असें समजावें.

माणसांच्या बाबतींत आपण असें समजत नाहीं. आमच्या आळींत एक निवृत्त हेडमास्तर राहतात. पांचशें मुलांची शाळा चालविणें आतां त्यांस झेपणार नाहीं. परंतु रोज सायंकाळीं पांच ते सात ते सार्वजनिक वाचनालयांत बसतात, पुस्तकांच्या देवघेवीची नोंद करतात, आणि तेवढेंच करतात. वाचनालयाचीं पुस्तकें त्यांच्यापूर्वीं कधीं इतकीं जागच्या जागीं नव्हतीं. सबंध शाळेचा भार ज्यांनीं वाहिला, त्यांनीं दोन तास एकाच कामांत सारें लक्ष घातलें म्हणजे तें काम किती नीटनेटकें होतें, हें आम्ही रोज पाहतों. त्यावरूनच आम्हीं खणांतील पांच जणांचें नांव पेन्शनर असें ठेविलें, आणि त्यांच्यासाठीं नियमहि तोच केला कीं, एकास एकच काम द्यावयाचें.

कामावर घेण्यापूर्वीं त्यांची तपासणी केली. त्यांतील जुनीं छायाचित्रें व पत्ते दुसरीकडे उतरवून घेतले, त्यांत गुंतलेलीं घरच्या मंडळींचीं खातीं मोकळीं केलीं, आणि मग प्रत्येक यंत्र कारखान्यांतून निघालें त्या कोऱ्या स्थितीस आणलें. सिमकार्ड कोणांतच ठेविलें नाहीं. बँकेचा व पैशांचा कोणताहि व्यवहार या यंत्रांवर करावयाचा नाहीं असें ठरलें, कारण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या ज्याला मिळत नाहींत तें यंत्र म्हणजे कडी गंजलेलें दार. या तपासणींत चार फोनांपैकीं एक नापास झाला. त्याची हकीकत पुढें येईल.

पहिली नेमणूक टॅब्लेटची. आमच्या आजीचें वय ऐंशीच्या पुढें आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी डोळ्यांच्या आंतल्या पडद्याच्या दुखण्यामुळें गेल्या चार वर्षांपासून तिला बारीक अक्षर दिसेनासें झालें होतें. ज्या बाईनें संसाराच्या धबडग्यांतून चोरून वेळ काढला व वाचनालयाचीं कपाटेंच्या कपाटें वाचून काढलीं, ती दुपारभर नुसती बसून राही. वर्तमानपत्र कोणी वाचून दाखविलें तर ऐके. परंतु दुसऱ्याचा वेळ मोडतो म्हणून स्वतः होऊन कधीं म्हणत नसे. टॅब्लेटवरील सर्व कांहीं काढून आम्हीं त्यांत केवळ पुस्तकें भरलीं. आपल्या देशांतील कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याचे ग्रंथ सर्वांस मोकळे होतात. साने गुरुजी १९५० सालीं वारले. म्हणून त्यांचें सर्व लेखन २०११ सालच्या आरंभापासून मोकळें झालें आहे. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली ‘श्यामची आई’ त्यामुळें कोणासहि विनामूल्य उतरवून घेतां येते. तीच आम्हीं प्रथम घेतली, आणि अक्षर मोठें करीत करीत एका ओळींत चारच शब्द बसतील इतकें केलें. पडद्याचा रंग काळा व अक्षर पांढरें ठेविलें, कारण तिला तें अधिक सोसतें.

आजीनें पहिल्या दिवशीं त्याला हात लावला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाटावर ठेवून लांबून पाहिलें. तिसऱ्या दिवशीं आम्ही शाळेंतून आलों, तों ती ओठ हालवीत एकेक शब्द वाचीत होती, आणि दूध उतूं गेल्याचा वास घरभर सुटला होता. आम्ही विचारलें, “आजी, दिसतंय का गं नीट?” ती म्हणाली, “दिसतंय म्हणजे काय! हें पुस्तक बरंय बाळ, रात्रीं दिवा लावावा लागत नाहीं, कोणाची झोप मोडत नाहीं.” त्यानंतर दोन महिन्यांत तिनें तें पुस्तक संपविलें. तिच्या तरुणपणीं ती तें दोन दिवसांत वाचीत असे, असें तिनेंच सांगितलें. परंतु तें सांगतांना तिच्या स्वरांत खेद नव्हता. आज त्या टॅब्लेटला तिच्या पोथीशेजारीं जागा मिळाली आहे, आणि तो बाहेरच्या जगाशीं जोडलेला नसल्यामुळें त्याची थकलेली बॅटरीहि दोन-तीन दिवस सहज पुरते.

दुसरी नेमणूक दोन फोनांची मिळून झाली, व ती शाळेंत. जर्मनींतील आखेन येथील विद्यापीठानें २०१६ सालीं ‘फायफॉक्स’ नांवाचें एक ॲप तयार केलें. तें विनामूल्य मिळतें, व फोनांतील निरनिराळीं संवेदकें पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांसाठीं वापरूं देतें. त्यांत आवाजानें सुरू होणारें व आवाजानेंच थांबणारें एक घड्याळ आहे. त्याच्या साह्यानें ध्वनीचा वेग मोजतां येतो, असें आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनीं सांगितलें, आणि शाळेच्या व्हरांड्यांत दहा मीटर अंतरावर दोन स्टुलें मांडून त्यांवर आमचे दोन पेन्शनर ठेविले. प्रत्येकाजवळ एकेक विद्यार्थी उभा राहिला. पहिल्यानें टाळी वाजविली. तिच्यासरशीं त्याच्याजवळचें घड्याळ ताबडतोब सुरू झालें, परंतु दुसरें घड्याळ सुरू झालें तें टाळीचा आवाज दहा मीटर चालून गेल्यावर. मग दुसऱ्यानें टाळी वाजविली. आतां त्याचें घड्याळ ताबडतोब थांबलें, व पहिलें तितकाच वेळ उशिरां थांबलें. म्हणजे दोन्ही घड्याळांत जो फरक राहिला, तो ध्वनीस वीस मीटर जाण्यास लागणारा वेळ. दहा वेळां प्रयोग करून आम्हीं सरासरी काढली, ती ०.०५८ सेकंद आली. वीस मीटरांस तिनें भागिलें, तों सेकंदास सुमारें ३४५ मीटर हें उत्तर मिळालें. त्या दिवशीं हवेचें तपमान सुमारें २५ अंश होतें, आणि त्या तपमानास ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४६ मीटर असतो, असें पुस्तकांत दिलेलें आहे.

पुस्तकांतील आंकडा आम्हीं यापूर्वीं अनेकदां पाठ केला होता व परीक्षेनंतर तितक्याच वेळां विसरलों होतों. तो आतां विसरणें शक्य नाहीं. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ मोजणारीं उपकरणें प्रत्येक शाळेस विकत घेतां येत नाहींत. पण तेंच काम करणारे फोन विद्यार्थ्यांच्या घरोघरीं पडून आहेत. आज ते दोन पेन्शनर प्रयोगशाळेच्या कपाटांत दुर्बिणीशेजारीं ठेविलेले असून, आठवड्यांतून दोनदां त्यांची हजेरी लागते. गुरुजींनीं त्यांपैकीं एकास लंबकास बांधून त्याचीं आंदोलनेंहि मोजून दाखविलीं.

तिसऱ्या नेमणुकीविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी मंदावते. आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. त्या तिला तिच्या आईनें व सासूनें दिल्या. गांवांत पिठाची गिरणी आली, जातें बंद झालें, आणि ओव्या गळ्यांतच राहिल्या. आमच्या आईस त्यांतील दहा-पांच येतात. आम्हांस एकहि येत नाहीं. म्हणजे आजीपाशीं जें आहे, तें आमच्या घरांत तिच्यापुढें जाणार नाहीं, हें आम्हांस दिसत होतें, आणि दिसूनहि आम्ही कांहीं करीत नव्हतों. अशा ओव्यांचें मोल किती, हें आम्हांस एका मोठ्या संग्रहावरून कळलें. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या २०१७ सालापासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेमार्फत सर्वांस वाचावयास व ऐकावयास मिळूं लागल्या आहेत. एवढें मोठें काम आमच्यानें होण्यासारखें नव्हतें; परंतु एका आजीचें काम एका जुन्या फोनाकडून होण्यासारखें होतें.

त्या फोनांत चार गिगाबाइट जागा मोकळी होती. आवाज टिपावयास मिनिटास सुमारें एक मेगाबाइट लागतो असें धरलें, तर तेवढ्या जागेंत पासष्ट तासांहून अधिक बोलणें मावतें. तो आम्हीं आजीच्या खोलींतल्या फळीवर उभा करून ठेविला. पहिले दोन दिवस कांहींच घडलें नाहीं. आजी म्हणाली, “ओवी अशी बसून सांगतां येत नाहीं रे बाळा. हाताला काम पाहिजे.” तेव्हां आईनें तिच्यापुढें तांदळाचें सूप ठेविलें. आजी खडे निवडूं लागली, बोटें चालूं लागलीं, आणि थोड्या वेळानें आपोआप पहिली ओवी आली. तिच्या पाठोपाठ दुसरी आली. माहेरच्या वाटेची आली, भावाची आली, पहिल्या पावसाची आली. कित्येक ठिकाणीं ती मध्येंच थांबली, शब्द आठवीत राहिली, आणि मग पुढें गेली. ती तिची थांबणींहि आम्हीं पुसलीं नाहींत.

या कामास जुनाच फोन कां योग्य, हें आम्हांस तेथें बसल्यावर समजलें. एक दिवस जुना जवळ नव्हता म्हणून वडिलांचा नवा फोन लावला. तो जुन्यापेक्षां सर्व गुणांनीं श्रेष्ठ आहे. परंतु तिसऱ्या ओवीच्या मध्येंच तो वाजला. कोणा कंपनीस वडिलांना कर्ज द्यावयाचें होतें. आजीचा हात सुपांतच थांबला, आणि त्या दिवशीं पुन्हां ओवी आली नाहीं. जुन्या फोनांत सिमकार्ड नाहीं. त्याला कोणी बोलावीत नाहीं, तो कोणाला ओ देत नाहीं. सबंध जगाशीं बोलण्याची शक्ति गेल्यामुळेंच एका म्हातारीचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेण्यास तो योग्य झाला. आजवर त्यानें एकशें सदतीस ओव्या टिपल्या आहेत. त्यांच्या दोन प्रती आम्हीं दुसरीकडे ठेविल्या आहेत, कारण एकाच म्हाताऱ्याच्या भरंवशावर दुसऱ्या म्हातारीचें धन ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

आतां नापास झालेल्या चौथ्या फोनाची हकीकत. त्याची पाठ फुगलेली होती, व मागचें झांकण एका बाजूस उचललें गेलें होतें. बॅटरींतील रसायनें बिघडून आंत वायु सांठला म्हणजे असें होतें. अशी बॅटरी टोंचली, वांकविली किंवा पुन्हां भारित करावयास लाविली, तर ती पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून त्याला हात न लावतां, ऊन व जळाऊ वस्तु यांपासून दूर ठेवून, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर पोहोंचता केला. कामावर असलेल्या इतरांसहि आम्ही महिन्यांतून एकदां हातांत घेऊन पाहतों, रात्रंदिवस तारेस लावून ठेवीत नाहीं, आणि चुलीजवळ किंवा उशीखालीं ठेवूं देत नाहीं. म्हाताऱ्यास काम द्यावें, पण त्याची नाडीहि पाहात जावी.

आमच्या घरची ही मजल लहान आहे; परंतु याच वाटेनें थोर लोकहि गेलेले आहेत, हें वाचून आम्हांस धीर आला. २०१३ सालच्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस श्रीहरिकोट्याहून आपल्या भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणानें ‘स्ट्रँड-१’ नांवाचा एक छोटा ब्रिटिश उपग्रह अंतराळांत नेला. त्याच्या पोटांत एक ‘नेक्सस वन’ फोन होता, जो २०१० सालीं बाजारांत आलेला असून तोंपर्यंत दुकानांच्या दृष्टीनें शिळा झाला होता. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें अमेरिकेच्या नासा संस्थेनें फोनांवर बांधलेले तीन उपग्रह सोडले, आणि त्यांस टेलिफोनच्या जनकाचीं आलेक्झांडर, ग्रॅहॅम व बेल अशीं नांवें वांटून दिलीं. ते जेमतेम आठवडाभर टिकले. परंतु त्यांनीं पृथ्वीचीं छायाचित्रें पाठविलीं. सुमात्रा बेटावरील अरण्यांत टॉफर व्हाइट या अमेरिकन गृहस्थानें २०१३ च्या सुमारास जुने फोन सूर्यशक्तीच्या पट्ट्यांसह उंच झाडांवर बसविले. त्यांचें काम एवढेंच कीं, अरण्याचा आवाज ऐकत राहावा, आणि चोरट्या लांकूडतोड्यांच्या यांत्रिक करवतीचा आवाज ओळखला गेला म्हणजे रखवालदारांस सूचना पोहोंचावी. एस्टोनियांतील टार्टू विद्यापीठाच्या संशोधकांनीं तर २०२५ सालीं जुन्या फोनांच्या बॅटऱ्या काढून त्यांस बाहेरून वीज दिली, आणि त्यांचा मेळ घालून समुद्राखालचे जीव मोजण्याचें काम त्यांजकडून करून दाखविलें. आकाश, अरण्य व समुद्र अशा तिन्ही ठिकाणीं नियम एकच दिसतो. एक जुनें यंत्र, आणि त्याला एक नेमलेलें काम.

आमचा एक वर्गमित्र या सर्वांवर म्हणाला, “हीं सारीं कामें नवा फोन एकटाच करतो; मग ही जत्रा कशाला?” त्याचें पहिलें वाक्य खरें आहे. नवा फोन पुस्तक दाखवितो, वेळ मोजतो, आवाज टिपतो. परंतु पुस्तकाचें एक पान होतें न होतें तोंच तो निरोप दाखवितो, निरोपावरून चित्राकडे नेतो, चित्रावरून दुकानांत नेतो, आणि तासाभरानें आपण कोठून निघालों होतों हेंहि आठवत नाहीं. सर्व कांहीं करणारें यंत्र हातांत असलें म्हणजे माणसाच्या हातून एकहि गोष्ट पुरी होणें अवघड होतें, हा अनुभव आमच्या वयाच्या मुलांस कोणी सांगावयास नको. जुन्या यंत्राचा उणेपणा येथें आमच्या बाजूनें लढतो. त्याला दुसरें कांहीं येत नाहीं, म्हणून तें आपणांसहि दुसरीकडे जाऊं देत नाहीं.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जुनें यंत्र आपणांस नको झालें म्हणून तें गरिबास देऊन दानाचें पुण्य पदरांत पाडून घेणें, हा या विषयांतील सोपा मार्ग आहे, व तो नेहमींच चांगला नसतो. २०२० सालीं आमच्या वर्गांतील एका मुलास कोणी तरी असाच एक फोन दिला होता. त्यावर वर्गाचें ॲप उघडतच नसे. तो मुलगा आठवडाभर ओसरीवर बसून तें उघडण्याची वाट पाहात होता, आणि देणाऱ्याचें मन मोडूं नये म्हणून कोणास सांगतहि नव्हता. जें काम तो फोन करूं शकत नव्हता, तेंच त्याच्याकडून मागितलें गेलें. म्हणजे आरंभीं सांगितलेला घरचा न्याय तेथें मोडला. द्यावयाचें तर आधीं काम ठरवावें, तें काम यंत्राकडून स्वतः करून पाहावें, आणि मगच द्यावें.

आणि जेथें कोणतेंच काम उरत नाहीं, तेथें निरोपहि रीतसर द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यांतील शेंकडा २२.३ इतकाच रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यांतील पुष्कळसा कोठें तरी उघड्यावर जळतो, किंवा कोणाच्या तरी उघड्या हातांनीं फोडला जातो. आपल्या देशांतहि १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलांत आले असून, असा माल परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. फोनाच्या पोटांत सोनें, तांबें, कथील व कोबाल्ट असतें. कोबाल्टचा निम्म्याहून अधिक भाग आफ्रिकेंतील काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथें तो काढणाऱ्यांचे कष्ट थोडेथोडके नसतात. इतक्या दुरून, इतक्या लोकांच्या घामानें जें आपल्या घरीं आलें, तें खणांत कुजत ठेवणें किंवा भंगाराच्या भावानें फेडून टाकणें, हें आमच्या आजीच्या पोतेऱ्याच्या न्यायांतहि बसत नाहीं.

महिन्याची मुदत संपली, तेव्हां वडिलांनीं भंगारवाल्याचा विषय काढला नाहीं. उलट आपल्या नव्या फोनाकडे पाहून ते म्हणाले, “हा निवृत्त झाला म्हणजे याला काय देणार?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, परंतु प्रश्न अगदीं योग्य वेळीं विचारला गेला असें वाटलें. ज्या वाचकांच्या कपाटांत असे पेन्शनर पडून असतील, त्यांस आमची विनंति एवढीच आहे कीं, त्यांनीं प्रथम आपल्या घरांत फिरून पाहावें. कोणाला वाचावयाचें आहे आणि वाचतां येत नाहीं, कोणाला सांगावयाचें आहे आणि ऐकणारा नाहीं, शाळेंत कोणता प्रयोग नुसता फळ्यावरच होत आहे, हें शोधावें. काम आधीं सांपडलें म्हणजे यंत्र निवडण्यास वेळ लागत नाहीं. नवा फोन घरांत यावयाचा तेव्हां येवो. तो येण्यापूर्वीं जुन्याची नेमणूक झालेली असावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.